माझ्यानंतर तूच

सर गेल्याला महिना झाला तेव्हा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्यांच्यासाठी सभा ठेवली. तिला शोकसभा म्हणायचं नाही असं ठरलं होतं. संयोजकांचं म्हणणं असं, की सर गेलेलेच नाहीत, ते आपल्या सगळ्यांच्या बोटांत आहेत. माझ्या बोटांत ते नव्हते. मी त्यांच्याकडे लहानपणी तीनेक महिने व्हायोलिन शिकलो आणि मग त्यांनी माझ्या वडिलांना बोलावून सांगितलं, "तुमचा मुलगा फार छान ऐकतो. त्याला ऐकूच द्या." वडिलांना हे कौतुक वाटलं, आणि घरी येऊन आईला सांगेपर्यंत तो समज टिकला.

मी सभेला गेलो तो ताईसाठी. ताई माझी थोरली बहीण. आम्ही दोघं एकाच दिवशी सरांकडे शिकायला गेलो होतो. मी परत आलो. ती अजून यायची आहे.

सरांबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं ऐकून त्यांना कुणी नावं ठेवेल, आणि तो हक्क बाहेरच्या माणसाला नाही. तरुणपणी ते नाटकांच्या वाद्यवृंदात वाजवायचे, रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात, जिथून नटांचे फक्त बूट दिसतात. पुढे रेडिओवर वाजवलं, मग स्वतःच्या मैफली झाल्या. ते वाजवायला उभे राहिले की सभागृहातली खोकणारी माणसं खोकला उद्यावर ढकलायची. मला संगीतातलं काही कळत नाही, पण त्यांची एक मैफल ऐकून मी घरी चालत आलो होतो, आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की सायकल तिकडेच राहिली. नाव झालं, पैसा मात्र व्हायचा तेवढाच झाला. मग त्यांनी आपल्या घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं गावातली निम्मी मुलं त्या खोलीतून गेली. कुणाला कधी ओरडले नाहीत. रस्त्याने जाताना एखादं दार करकरलं तर थांबून विचारायचे, "हा कोणता सूर?" आणि पोराने काहीही उत्तर दिलं तरी म्हणायचे, "जवळ आलास." त्यांच्यावर प्रेम न करणं अवघड होतं. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

ताई सत्तावीस वर्षांची असताना राजधानीतल्या सरकारी वाद्यवृंदात तिची निवड झाली. पक्की नोकरी, राहायला जागा, परदेशचे दौरे. वडिलांनी आळीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं. जे थांबले नाहीत त्यांच्याबरोबर चालत सांगितलं. राजधानीत थंडी असते म्हणून आईने स्वेटर विणायला घेतला. आणि एका संध्याकाळी जेवताना ताई म्हणाली, "मी जात नाहीये."

"म्हणजे?" वडील म्हणाले.

"सरांना सोडून नाही जात."

"सर म्हणाले का, जाऊ नको म्हणून?"

"नाही. ते असं कधी म्हणतील का? ते म्हणाले, तुला वाटेल ते कर."

"मग?"

मग तिने ते सांगितलं. व्हायोलिनचा गज वाजवून झाला की सैल करून ठेवावा लागतो, नाहीतर त्याची काठी वाकते. टोकाला एक स्क्रू असतो, तो फिरवायचा. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम. पण तास संपला की विद्यार्थ्याचा गज सर स्वतः सैल करायचे, दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. त्या दिवशी ताईचा गज सैल करता करता, मान वर न करता, ते हळूच म्हणाले होते, "बाहेर बोलू नकोस. पण माझ्यानंतर तूच."

वडिलांनी घास खाली ठेवला. "लिहून घेतलंस?"

ताई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. आईने स्वेटर पुरा केला. तो मी वापरला, बाह्या जरा आखूड होत्या.

आम्ही घरातले लोक दिलेला शब्द पाळणारे. बाहेर कुणी बोललो नाही. पुढे एक स्थळ आलं, मुलगा चांगला होता, पण त्याची नोकरी परदेशात, आणि ताई म्हणाली, क्लासचं कोण बघणार? तेव्हाही आम्ही पाहुण्यांना खरं कारण सांगितलं नाही, पत्रिकेचं काहीतरी पुढे केलं. शेवटची सहा वर्षं सरांचे हात थरथरायला लागले. ते खिडकीपाशी खुर्चीत बसायचे आणि क्लास ताई घ्यायची, सोमवार ते शनिवार. मुलांनी वाजवलं की सर हसून मान हलवायचे. ताईने वाजवलं की डोळे मिटायचे. ती त्यावर खूश असायची. मला वाटायचं, त्यांना झोप लागते.

सभेच्या दोन दिवस आधी बँकेचे मॅनेजर तिच्याकडे आले. म्हणजे निवृत्त मॅनेजर, पण त्यांना ते अजून कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. ते सरांचे जुने विद्यार्थी आणि सभेचे अध्यक्ष. म्हणाले, "ताई, सभेत क्लासच्या पुढच्या व्यवस्थेचं जाहीर करणार आहोत. तुमच्याच संदर्भात आहे. शेवटी तुम्ही सरांची धून वाजवा." ताईने त्या दिवशी केस रंगवून घेतले. छप्पन्नाव्या वर्षी पहिल्यांदा. तिला फार काही नको होतं. जे एकोणतीस वर्षांपूर्वी तिच्या कानात सांगितलं गेलं, ते एकदा कुणीतरी माईकवर म्हणावं, एवढंच.

सभागृह भरलं होतं. मागच्या भिंतीला टेकून लोक उभे होते. मंचावर सरांचा मोठा फोटो होता, त्यात ते कुणाकडे तरी बघून हसत होते, आणि खोलीत कुठेही बसलं तरी ते आपल्याकडेच बघून हसतायत असं वाटत होतं. हे फोटोत सगळ्यांचंच होतं म्हणतात. सरांचं प्रत्यक्षातही होतं.

पहिलं भाषण मॅनेजरांचं. त्यांनी सरांचा जन्म, बालपण आणि वाद्यवृंद उरकला, मग चष्मा काढला. बँकेत कर्ज नाकारताना ते असाच चष्मा काढायचे म्हणतात.

"आज मी एक गुपित फोडणार आहे," ते म्हणाले. "सर असते तर रागावले असते."

लोक हसले. सर रागावत नसत.

"मी कॉलेजात होतो. तास संपला होता, बाकीची मुलं गेली होती. सर माझा गज सैल करत होते..."

माझ्या शेजारी ताईने मांडीवरची व्हायोलिनची पेटी दोन्ही हातांनी धरली. पेटी कुठे चालली नव्हती.

"...आणि ते मला म्हणाले, बाहेर बोलू नकोस. पण माझ्यानंतर तूच." मॅनेजरांनी चष्मा रुमालाने पुसला. "माझ्या नशिबात बँक होती. पण ते वाक्य मी जन्मभर उराशी जपलं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही."

पहिल्या रांगेतल्या त्यांच्या बायकोच्या चेहऱ्यावर, न सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींचा विचार सुरू झालेला दिसला. सभागृहात टाळ्या पडल्या.

"म्हाताऱ्या माणसांना कधी कधी भास होतात," मी ताईच्या कानात म्हटलं.

"ते कॉलेजात असताना सर म्हातारे नव्हते," ती म्हणाली.

"मी मॅनेजरांबद्दल बोलतोय."

मग दातांचे डॉक्टर उठले. या डॉक्टरांनी गावातल्या सगळ्यांचे दात पाहिलेत, त्यामुळे कुणी त्यांच्यासमोर मोकळेपणी हसत नाही. ते माईकपाशी जाऊन नुसते उभे राहिले.

"मला जरा चमत्कारिक वाटतंय," शेवटी ते म्हणाले. "मॅनेजरसाहेब, तुम्हाला सरांनी हे नक्की सांगितलं?"

"म्हणजे काय डॉक्टर, मी खोटं बोलतोय?"

"नाही, नाही. खोटं नाही. मला फक्त असं वाटलं, की... कारण मलाही."

"काय?"

"गज सैल करताना. बाहेर बोलू नकोस."

त्यावर सभागृह असं हसलं, की खालच्या मजल्यावरचा ग्रंथपाल जिना चढून बघायला आला. मागून कुणीतरी म्हणालं, "मलाही." मग डावीकडून एक बाई, "अहो, मलाही, आठवीत." लोक उठून एकमेकांकडे वळून बघायला लागले. एकाच माणसावर एकाच वेळी प्रेम केलेल्यांना आजवर एकमेकांचा संशयसुद्धा आला नव्हता, कारण प्रत्येकाने बाहेर बोलू नकोस हे निष्ठेने पाळलं होतं. पद्धत म्हणून तिच्यात खोट काढायला जागा नव्हती.

सगळ्यात शेवटी कोट उठला. कोट हे त्याचं खरं नाव नव्हे, पण तो उन्हाळ्यातही काळा कोट घालतो आणि गावातल्या कुणालाही ते नाव सांगितलं तर तो त्याचंच जुनं घर दाखवेल. सरांच्या शिष्यांत नाव कमावलेला हा एकटाच. मोठ्या शहरात राहतो, चित्रपटांच्या गाण्यांत वाजवतो, आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला आपण सरांचे वारस आहोत असं निवेदकाकडून वदवून घेतो. तो हसत नव्हता.

"माझ्या बाबतीत ते वेगळं होतं," कोट म्हणाला.

"गज सैल करत होते का?" मागून एकाने विचारलं.

कोटाने पाण्याचा घोट घेतला. "हो."

आता लोकांना हसू आवरेना. मॅनेजरांनी गमतीत सांगितलं, "ज्यांना ज्यांना सर म्हणाले त्यांनी हात वर करा," आणि शाळेतल्यासारखे हात वर झाले. सुरकुतलेले हात, अंगठ्या घातलेले हात, एक हात प्लास्टरमधला. लोक डोळे पुसत होते आणि हसत होते. "काय माणूस होता," असं जो तो शेजारच्याला म्हणत होता. इतकी आनंदी सभा मी लग्नातही पाहिलेली नाही. आणि का असू नये? मॅनेजरांना बँक होती, डॉक्टरांना दवाखाना, कोटाला कोट. त्यांच्यासाठी ते वाक्य म्हणजे कपाटात ठेवलेलं पदक होतं. अधूनमधून दार उघडायचं, बघायचं, बरं वाटून घ्यायचं. ताई त्या वाक्यात राहायला गेली होती, सामानसुमान घेऊन.

तिने हात वर केला नाही. पेटी उचलली आणि मंचामागच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेलो. तिला पाणी लागेल असं मी स्वतःला सांगितलं.

त्या खोलीत मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या आणि एका धड खुर्चीवर सरांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, थर्मासमधला चहा कपात ओतून पीत होत्या. त्या बाहेर बसल्या नव्हत्या. गर्दीत आता दम लागतो, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. माईकचा आवाज तिथे स्वच्छ येत होता.

"बस," काकू म्हणाल्या. "चहा घे. साखर जास्त झालीय."

ताई बसली नाही. "काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"काय, हात वर करायचं? ते आत्ताच निघालं."

"काकू."

काकूंनी कप खाली ठेवला. "हो गं, माहीत होतं. भिंत एकच आहे ना, तुमची खोली नि माझं स्वयंपाकघर. किती वेळा ऐकलं, मोजलं नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगू? तू तरी मला सांगितलं होतंस का?"

बाहेर डॉक्टर दुसऱ्यांदा माईकवर येऊन काहीतरी विनोद करत होते.

"ते खोटं नव्हते बोलत," काकू म्हणाल्या. "मनात ठेव हे. मी चांगली चाळीस-पन्नास वर्षं संसार केलाय, खोटं बोलले की त्यांचा कान लाल व्हायचा. हे बोलताना नाही व्हायचा. ज्याचा गज हातात असायचा ना, त्याच्याबद्दल त्या घटकेला त्यांना तसंच वाटायचं. चारच्या तासाला तू, पाचच्या तासाला दातवाला."

"दातवाल्याचे सूर लागत नाहीत, काकू. कधीच लागले नाहीत."

"मग? त्यांना तेवढ्यापुरते लागल्यासारखे वाटायचे."

"आणि मी वाद्यवृंद सोडला तेव्हा? त्यांना कळलं होतं, मी का सोडला ते."

काकूंनी कपात पाहिलं. "कळलं होतं. दोन दिवस जेवले नाहीत नीट. मी म्हटलं, जा, सांगा तिला, की तसा अर्थ नव्हता, जा म्हणावं. ते म्हणाले, आता सांगितलं तर तिचं मन मोडेल. त्यांना कुणाचं मन मोडवत नव्हतं. फार मऊ माणूस."

ताई हसली. ते हसणं मी आधी ऐकलेलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायची घाई नाही.

"आणि हे बघ," काकू म्हणाल्या, "सगळ्यात पहिल्यांदा मला म्हणाले होते. मीही शिकायला जायचे त्यांच्याकडे. चांगली वाजवायचे मी. तुला कुणी बोललं नसेल."

"तुम्ही व्हायोलिन वाजवायचात?" हे मी विचारलं.

"लग्नाआधी. लग्न झाल्यावर म्हणाले, घरात दोघंही वाजवायला लागलो तर दार कोण उघडणार? गमतीत म्हणाले. पण दार तर रोज वाजायचंच." त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. "माझी व्हायोलिन पहिली दहा वर्षं मुलांना शिकायला दिली. मग कुणाकडे गेली कोण जाणे."

"मग माझ्यात आणि बाकीच्यांत फरक काय, काकू?" ताईने विचारलं. अगदी साधं विचारलं, बसची वेळ विचारावी तसं.

काकूंनी तिच्याकडे नीट बघितलं. त्या सरांसारख्या नव्हत्या. त्यांना मन मोडता यायचं. "तू सगळ्यात जास्त दिवस खरं मानलंस," त्या म्हणाल्या.

बाहेर ताईचं नाव पुकारलं. तिने पेटी उघडली, गजावर राळ फिरवली, तारा सुरात लावल्या. मला वाटलं, ती आता जिना उतरून घरी जाईल. ती मंचावर गेली.

सरांची धून गावातल्या सगळ्यांना पाठ आहे. शेवटी, अखेरच्या सुराआधी, सर एक लांब विराम घ्यायचे, इतका लांब, की नवखी माणसं टाळ्या वाजवून मोकळी व्हायची आणि मग लाजायची. मग तो सूर यायचा, अगदी हळू, आणि लोक घरी जायला मोकळे व्हायचे. ताईने धून वाजवली. मी आयुष्यभर ऐकण्याचं काम केलंय, तेवढ्यावर सांगतो, की सरांनी ती कधी इतकी चांगली वाजवली नव्हती. शेवटचा विराम आला. तिने गज तारांवरून उचलला. लोक श्वास रोखून थांबले. सगळे जाणते होते, कुणी टाळी वाजवली नाही.

ताईने व्हायोलिन खांद्यावरून खाली घेतली आणि मंचावरून उतरून खुर्चीत येऊन बसली.

सूर आलाच नाही. लोक थांबले होते. कोटाच्या कपाळावर आठी आली; बाकीच्यांना वाटलं, आपलंच काहीतरी ऐकायचं राहिलं. मला मनातून आनंद झाला. वाटलं, झालं, आता सगळ्यांना कळेल. बोलली बाई एकदाची.

मॅनेजर माईकपाशी आले. त्यांचे डोळे वाहत होते.

"शेवटचा सूर," ते म्हणाले, "ताईंनी सरांसाठी ठेवला."

आणि सभागृह रडलं. मागे उभे असलेले लोक रडले, ग्रंथपाल रडला. कोट उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला, मग सगळेच उठले. शेजारची बाई ताईचा हात धरून म्हणाली, "असं फक्त तुम्हालाच सुचू शकतं."

"सरांसाठी ठेवलास?" मी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "वाजवायचा नव्हता."

टाळ्या थांबल्यावर मॅनेजरांनी क्लासचं जाहीर केलं. आजच्या या भावपूर्ण प्रसंगी स्पष्ट झालं आहे, ते म्हणाले, की सरांचा वारस कुणी एक नाही. आपण सगळेच वारस आहोत. म्हणून क्लास यापुढे एक वारस मंडळ चालवेल. सात जणांची नावं त्यांनी वाचली, वर्णानुक्रमे, म्हणजे मोठं-लहान व्हायला नको. ताईचं नाव पाचवं होतं. दारावर पाटी लागेल. कोट त्यांचे मानद मार्गदर्शक असतील. "आणि रोजचं शिकवणं," मॅनेजर कागदावरून नजर उचलून प्रेमळपणे म्हणाले, "अर्थात ताई बघतीलच."

दुसऱ्या दिवशी काकूंनी तिला बोलावून सांगितलं, "खोली माझ्या नावावर आहे. म्हणशील तर कुलूप लावते. मंडळाला काय सांगायचं ते मी सांगेन."

ताईने रात्रभर काय विचार केला मला ठाऊक नाही. सोमवारी ती क्लासला गेली. मी फोनवर म्हटलं, अगं, सोड ना. ती म्हणाली, "सोडून कुठे जाऊ, राजधानीत?" पण तिने एक बदल केला. सरांनी ज्या खोलीत इतकी वर्षं कुणाला नाही म्हटलं नाही, तिथे ती खरं बोलायला लागली.

पहिला बळी एक सातवीतला मुलगा. त्याची आई रोज क्लाससमोर गाडीत बसून राहायची. ताईने तिला आत बोलावलं. "याला सूर लागत नाही. आणखी पाच वर्षं आलात तरी लागणार नाही. याला पोहायला घाला, याचे खांदे चांगले आहेत."

"पण सर तर म्हणाले होते, की..."

"माहितीये मला, सर काय म्हणाले होते."

मग एक कंत्राटदार, मग दोघी बहिणी, मग शाळेतले संगीताचे शिक्षक, ज्यांना तिने सांगितलं की तुम्ही मुलांना शिकवू नका, निदान सकाळी तरी नको. एकेक गळायला लागला. चांगलं वाजवणारी एकच मुलगी होती, कॉलेजातली. तिलाही ताईने खरं सांगितलं. "तू माझ्यापेक्षा चांगली होशील. मी तुला आणखी वर्षभर शिकवू शकते, त्यापुढे माझ्याकडे काही नाही. आत्ताच दुसरीकडे जा." मुलगी रडत घरी गेली आणि आठवड्याभरात मोठ्या शहरातल्या गुरूकडे गेली. जाताना मैत्रिणींना सांगून गेली, की ताई जळतात.

मंडळाची तातडीची बैठक मॅनेजरांच्या दिवाणखान्यात झाली. ताईला बोलावलं नव्हतं, मला बोलावलं होतं, भाऊ म्हणून.

"तुम्ही जरा समजावा त्यांना," मॅनेजर म्हणाले. "सरांनी कधी कुणाला दुखावलं नाही."

"हो, तिला माहीत आहे," मी म्हणालो.

"सगळं खरं सांगून चालत नाही," दातांचे डॉक्टर म्हणाले. "मी सांगतो का पेशंटला सगळं? दुखणार नाही म्हणतो, मगच तो तोंड उघडतो."

"आणि मग दुखतं?"

"दुखतंच की. पण तोवर तोंड उघडलेलं असतं."

कोट फोनवर होता, फोन टेबलाच्या मधोमध ठेवला होता. त्यातून आवाज आला, "सरांची परंपरा टिकली पाहिजे." सगळ्यांनी फोनकडे बघून माना डोलावल्या.

"मग असं करा," मी म्हटलं, "तुमच्यापैकी कुणीतरी क्लास घ्या. वारस आहातच."

मॅनेजरांनी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. डॉक्टरांचा दवाखाना नेमका संध्याकाळचा. एकाचं मूल बारावीला, एकाची सासू अंथरुणावर. फोनमधून काही आवाज येईना. कोटाची रेंज गेली असावी. मग चहा आला, आणि ठराव असा झाला, की ताईंच्या भावना मंडळ समजू शकतं.

परवा संध्याकाळी मी क्लासवर गेलो होतो. पाटी छान लागली आहे, पितळेची. आत पूर्वी बारा-पंधरा मुलांचा गलका असायचा, आता एकच गृहस्थ होते. निवृत्त आहेत, पूर्वी इमारतींच्या लिफ्टा तपासायचे. ताईने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की तुम्हाला हे कधीच येणार नाही. ते म्हणाले होते, बरं, मग किती वाजता येऊ?

मी दाराशी बसून ऐकलं. संगीतातलं मला कळत नाही, पण ते भयंकर होतं एवढं कळलं.

"खालचा," ताई म्हणाली.

"हा?"

"नाही."

"मग हा असेल."

"तोही नाही. तुम्ही नुसते चढताय. खाली या."

"खाली यायची सवय मोडली हो," लिफ्टवाले म्हणाले, आणि पुन्हा वर गेले.

थोड्या वेळाने ताई त्यांना सराव करायला सांगून बाहेर पायरीवर येऊन बसली. केसांचा रंग उतरला होता, मुळांशी पांढरं दिसत होतं. काकूंनी खिडकीतून चहाचे कप पुढे केले आणि खिडकी ओढून घेतली. आतलं सहन होत नसावं.

"हे किती दिवस चालवणार?" मी विचारलं.

"हे येतायत तोवर."

"सरांचा राग येतो?"

तिने चहा फुंकला. "येतो. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी."

"आणि रविवारी?"

"रविवारी क्लास नसतो," ती म्हणाली. "रविवारी नुसती आठवण येते. ते जास्त वाईट."

आत लिफ्टवाल्यांनी परत तीच चूक केली. ताईने अर्धा कप चहा पायरीवर ठेवला आणि उठली.